पेटीतली माणसे

परवा नातीचा फोन आला. यंदा ती वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला गेली आहे. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली निघाले, त्याची ती विद्यार्थिनी. आम्ही कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे. म्हणाली, "आजोबा, आज आम्ही शवासमोर उभं राहून शपथ घेतली." हल्ली बऱ्याच महाविद्यालयांत विच्छेदनाला हात लावण्यापूर्वी अशी शपथ देतात, की या देहाचा आम्ही मान राखू. "तुमच्या वेळी होती का हो?"

आमच्या वेळी शपथ नव्हती. माझ्यापाशी एक पत्र्याची पेटी होती.

मी १९७० साली सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झालो. कॉलेज अवघे सात वर्षांचे होते आणि नळदुर्गच्या एका प्राथमिक शिक्षकाचा मुलगा तिथे गेला म्हणून गल्लीत पेढे वाटले गेले. पहिल्याच आठवड्यात वरच्या वर्गातल्या एकाकडून हाडांचा संच विकत घेतला. त्यानेही तो असाच कोणाकडून घेतलेला. वडिलांनी त्यासाठी पतपेढीचे कर्ज काढले होते, हे मला फार पुढे कळले.

सुट्टीत ती पेटी मी एस. टी.ने घरी नेली. सोलापूर-हैदराबाद रस्ता तेव्हा आजच्यासारखा नव्हता. एका खड्ड्यात गाडी उसळली, पेटी टपावरच्या सामानातून नव्हे, थेट माझ्या मांडीवरून खाली आली, आणि एक बरगडी शेजारच्या बाईंच्या भाजीच्या पिशवीवर जाऊन पडली. त्या बाई पुढच्या थांब्यालाच उतरल्या. त्यांचे गाव तेच होते की नाही, देव जाणे!

घरी आजीने उंबऱ्यावरच अडवले. "मेलेल्या माणसाचं घरात नाही." पेटी गोठ्यात गेली आणि मी आंघोळीला.

एप्रिल १९७२ मध्ये पहिल्या एम. बी. बी. एस.ला मी शरीररचनाशास्त्रात नापास झालो. तोंडी परीक्षेत हातात फिब्युला दिली, पायाच्या बाहेरच्या बाजूचे ते बारीक, लांबोडके हाड. ते उजवे की डावे हे ओळखणे जरा अवघडच; पण अभ्यास केलेल्याला जमते. मी उजवे म्हणालो. परीक्षकांनी हाडाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. वडिलांनी निकाल ऐकून एवढेच विचारले, "पुन्हा कधी?" त्या दोन शब्दांनंतर घरात बसवेना. मी रोज सकाळी चार हाडे पिशवीत घालून किल्ल्यात जाऊ लागलो.

आमचा किल्ला वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने बोरी नदीवर बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल काढला. पावसाळ्यात नर आणि मादी असे दोन धबधबे त्या महालावरून कोसळतात आणि आत बसलेला माणूस कोरडा राहतो. त्या वर्षी मात्र पाऊसच नव्हता. बहात्तरचा तो दुष्काळ! नर नाही, मादी नाही, बांध उघडाबोडका. मी उपळी बुरुजाच्या सावलीत बसून मनगटाची आठ हाडे मोजायचो आणि शेळ्या राखणारी पोरे लांबून बघत उभी राहायची.

आषाढात आजी परसात घसरली. खुब्यात हाड मोडले. पाय लांब करून ती माजघरात खाटेवर पडली. आई पाण्यासाठी दोन-दोन तास विहिरीवर, वडील शाळेत. तेव्हा आजीजवळ मी. किल्ला सुटला आणि नाइलाजाने पेटी माजघरात आली. आजी काही बोलली नाही. दोन दिवस तिने भिंतीकडे तोंड केले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माझं मोडलंय ते कुठलं, दाखव बरं."

मी मांडीचे हाड काढले. वरचा गोल गोळा, त्याखालची आखूड मान. "ही मान मोडली."

"मांडीलाही मान असते?" तिने बोट लावले, मग तळवा. पुष्कळ वेळाने विचारले, "कुणाचं रे हे, लेकरा?"

दीड वर्ष ते हाड मी हाताळत होतो. त्यावरचा एकेक कंगोरा इंग्रजीत घडाघडा सांगू शकत होतो. हे मात्र मला कधी सुचलेच नव्हते. बेवारशी प्रेते विच्छेदनासाठी देण्याचा मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा मला ठाऊक होता, तो मी तिला सांगू लागलो. ती म्हणाली, "कायदा नको. माणूस सांग."

मग मी पहिल्यांदा त्या दृष्टीने पेटी उपसली. कमरेच्या हाडाची खाच रुंद, म्हणजे बाई. मांडीचे हाड लांब, गोळा मोठा; ते त्या बाईचे शक्यच नव्हते, बहुधा उंच पुरुषाचे. गळ्याजवळच्या फासळीचे आतले टोक अजून सांधलेले नव्हते. म्हणजे पंचविशीच्या आतले कोणीतरी. संच विकताना कोण एकाच माणसाचा देतो! निदान तिघे तरी निघाले. त्या दुपारी मी पुस्तक न उघडता जितके शिकलो तितके त्या वर्षात शिकलो नव्हतो.

भाद्रपदातली सर्वपित्री आली. तांदूळ महाग, डाळ त्याहून महाग. आईने मोजकेच रांधले होते. आजी खाटेवरून वडिलांना म्हणाली, "एक पान जास्त मांड."

वडील घोटाळले. "नाव नाही, गोत्र नाही, कसं करायचं?"

"गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणतात. एवढा गुरुजी तू!"

"पण ते तिघं आहेत म्हणतो हा."

"बसतील एका पानात. दुष्काळ आहे, त्यांना कळतं."

पळसाची पत्रावळ मांडली. वडे दोनच होते. आईचा चेहरा मला अजून दिसतो. तिने आपल्या वाटणीचा तिसरा आणून ठेवला. आणि मी, नापास झालेला भावी डॉक्टर, विज्ञानाचा विद्यार्थी वगैरे, कावळा शिवतो की नाही म्हणून परसात उभा राहिलो. शिवला. त्याचा अर्थ मी तेव्हाही लावला नाही. कावळेही त्या वर्षी उपाशीच होते.

दिवाळीनंतरच्या परीक्षेला मी पास झालो. काय विचारले ते आता आठवत नाही. आजी पुढे दोन वर्षे होती, पण काठीशिवाय चालली नाही.

पेटी मी पुढच्या वर्षी एका नव्या मुलाला विकली. तो मुलगा बार्शीकडचा. दुसऱ्या दिवशी तो खोलीवर आला आणि म्हणाला, "अहो, आत लुगड्याच्या कापडाच्या तीन पिशव्या आहेत. चुकून राहिल्या का?" आजीने पडल्या पडल्या आपल्या जुन्या इरकलीच्या त्या शिवल्या होत्या आणि हाडे माणसांप्रमाणे वेगवेगळी घालायला लावली होती.

मी त्याला सांगितले, राहू देत. आणि ठरल्या रकमेतले दहा रुपये परत केले.