माझ्याकडे तर चालतंय!

२००६ सालची गोष्ट. माझ्या संगणकावर काही कंपाइल करायला लावलं की चालू गाणं अडखळायचं. मग लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे गाभ्याला, कॉन कोलिवास यांचे 'सीके' पॅचेस लावले. प्रोसेसरची पाळी कुणाला कधी मिळावी, हे ते सुधारायचे. गाणं एकदम सुरळीत! हा माणूस ऑस्ट्रेलियातला भूलतज्ज्ञ. डॉक्टरकी सांभाळून हौसेनं हे करायचा.

मीही लगेच तो कर्नल सीडीवर टाकून तीन मित्रांना वाटला. रात्री एकाचा फोन, "अरे, कर्नल पॅनिक येतंय. उद्या प्रोजेक्ट द्यायचंय!" त्याच्या हार्डडिस्कचा ड्रायव्हर मी घातलाच नव्हता, माझ्या मशीनला लागत नव्हता ना! नशीब, ग्रबच्या यादीत जुना कर्नल शिल्लक होता.

कोलिवास २००७ मध्ये थांबले, २००९ मध्ये 'बीएफएस' घेऊन परतले, २०२१ मध्ये पुन्हा थांबले. मधली वर्षं अनोळखी लोकांच्या मशीनची काळजी त्यांनी वाहिली. मला ती तिघांपुरतीही जमली नाही.

असो. मित्र अजून बोलतो, हे काय कमी आहे?