कुंपणापर्यंतची धाव

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आपण माणसाचे तोकडेपण दाखवण्यासाठी वापरतो. परंतु ज्याने ती प्रथम उच्चारली त्याने सरडा नीट पाहिला असावा. आपल्या बागांतला नेहमीचा सरडा, शास्त्रीय नावाने कॅलोटेस व्हर्सिकलर, विणीच्या काळात खरोखरच एखाद्या कुंपणाचा धनी होऊन बसतो. धारवाडच्या आमच्या घराच्या मागच्या भिंतीवर दर वैशाखात असा एक नर ठाण मांडतो. उन्हे तापू लागली की त्याचे डोके आणि गळा तांबडालाल होतो, गळ्याच्या दोन्ही बाजूंना काळा डाग उमटतो, आणि पुढच्या पायांवर अंग तोलून तो तालमीतल्या पहिलवानासारखा जोर काढू लागतो. दुसरा नर भिंतीवर चढला की दोघेही गळे फुगवून एकमेकांना आडवे होतात. हरलेल्याचा रंग पाहता पाहता उतरतो आणि तो मातकट होऊन शेवग्याकडे निघून जातो.

या लाल गळ्यामुळेच इंग्रजांनी त्याला ‘ब्लडसकर’ हे नाव दिले. तो रक्त पीत नाही; मुंग्या, नाकतोडे, भुंगे खातो. तरी आजही आमच्या गल्लीतली मुले ‘ओतिक्यात, ओतिक्यात’ असे ओरडत त्याच्यावर दगड भिरकावतात. कानडीत हे त्याचे नाव. कानडी वाचकाला ‘ओती’ म्हटले की पूर्णचंद्र तेजस्वी यांची ‘कर्वालो’ आठवते. पण त्या कादंबरीतला शोध उडत्या सरड्याचा आहे, आणि उडता सरडा भेटायला पश्चिम घाटाचे रान लागते. आमचा सरडा बिचारा फाटकाशी भेटतो, म्हणून त्याच्यावर कादंबरी कोण लिहिणार?

विज्ञानाने मात्र त्याला इतके सामान्य मानलेले नाही. १८०२ मध्ये दोदँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले, आणि पुढे दोन शतके पाकिस्तानापासून आग्नेय आशियापर्यंतच्या असंख्य सरड्यांना हे एकच नाव चिकटले. २०२१ मध्ये भारतीय संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले की या एका नावाखाली निदान चार वेगळ्या जाती दडलेल्या आहेत. गंगेच्या मैदानातला निराळा, ईशान्येतला निराळा, वायव्येकडचा निराळा. मूळ नाव उरले ते प्रामुख्याने आपल्या दक्षिणेकडच्या सरड्याकडे. देशातल्या सर्वांत परिचित प्राण्यांपैकी एकाची ओळख पटायला एवढा काळ लागावा, याचे मला नवल वाटते आणि थोडे बरेही वाटते.

धारवाडात राहणाऱ्याला या सरड्याविषयी आणखी एक आपलेपणा असतो. येथील कर्नाटक विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात सैदापूर, शानभाग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सरड्याच्या प्रजननाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यांच्या कामातली एक गोष्ट मला कायम विलक्षण वाटत आली आहे. परिस्थिती अनुकूल नसेल तर मादी तयार झालेली अंडी पोटातच रोखून धरू शकते, बंदिस्त अवस्थेत तर काही महिनेही. भ्रूण एका टप्प्यापर्यंत वाढतो आणि तेथेच थांबतो. अंडे मऊ, चिवट कवचाचे असल्यामुळे त्याला मातीतून पाणी शोषून घ्यावे लागते. ओलाव्यासाठी थांबणे हा त्या मादीचा हिशेब आहे.

हा हिशेब २०२३ साली मी आमच्या परसात पाहिला. त्या वर्षी मोसमी पाऊस केरळातच ८ जूनला पोहोचला आणि कर्नाटकात येऊनही रेंगाळला. आमच्या कढीपत्त्याच्या बुंध्याशी एक मादी दिवसेंदिवस बसून असे. तिच्या कुशी दोन्ही बाजूंनी उंचवट्यांनी भरलेल्या, चाल जड. दोनदा तिने वाफ्याच्या कोपऱ्यात माती उकरली. वरचा थर भुसभुशीत, खाली ढेकूळ. दोन्ही वेळा अर्धवट खड्डा टाकून ती परत गेली.

नेमका त्याच महिन्यात त्या परसाचा निकाल लागायचा होता. आदल्या पावसाळ्यात आई मागच्या दारी शेवाळावरून घसरली होती. मनगट मोडले, तीन महिने हात गळ्यात. संपूर्ण परसात पेव्हर ब्लॉक बसवायचे असे घरात ठरले होते, आणि ते ठरवणाऱ्यांत मीही होते. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या हाडांपुढे सरड्याची अंडी असा प्रश्नच नव्हता, आणि तो तसा मांडणाऱ्यांशी माझे कधी जमत नाही. प्रश्न एवढाच होता की आई जेथून चालते तेवढी जागा किती. मी टेप घेऊन मोजले. मागचे दार, दोरी, नळ आणि तुळस ही तिची सगळी वाट चार फूट रुंदीच्या पट्ट्यात बसत होती.

गवंडी म्हणाला, “अक्का, अर्धं काम कशाला? उरलेल्या मातीत गवत माजेल, साप येईल.”

आई पायरीवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, “येऊ दे. तो आपल्या वाटेने जाईल, मी माझ्या.”

“तुम्ही म्हणाल तसं, अव्वा,” असे म्हणून त्याने दोरी आखली.

जून सरता सरता पाऊस आला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, एका उघडिपीच्या सकाळी, मादी त्याच कोपऱ्यात उतरली. पुढच्या पायांनी तिने माती उकरली, मागच्या पायांनी लोटली. तासाभराने तिचे अर्धे शरीर खड्ड्यात होते. मग बराच वेळ ती हललीच नाही. शेवटी खड्डा बुजवून ती नाकाडाने माती ठोकू लागली, एखादी गृहिणी डब्यातले पीठ मुठीने दाबते तशी. आणि वर चार पाने ओढून निघून गेली. पाठमोरी पाहिली तेव्हा तिच्या कुशी रिकाम्या, कातडीला चुण्या पडलेल्या. या सरड्यांत पिलांचे संगोपन नाही. तिचे काम संपले होते.

पुढची चिंता आमची. सातभाईंचा थवा तो कोपरा रोज उलटापालटा करी. भारद्वाज दोनदा येऊन गेला. आणि त्याहून वाईट म्हणजे ऑगस्ट. भारतासाठी तो १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. वर्तमानपत्रांत धरणांचे आणि डाळींचे आकडे येत होते. आमच्याकडे कोपऱ्यातल्या मातीला भेगा पडल्या. आई संध्याकाळी तुळशीला पाणी घालून झारीतले उरलेले त्या कोपऱ्यात शिंपडू लागली. “फार नको,” मी म्हणत असे, कारण चिखलातही अंडी गुदमरतात. “मला शिकवू नकोस, मी रोपं वाढवली आहेत,” ती म्हणे.

मी मातीत थर्मामीटर खुपसून पाहिला. बोटभर खोलीवर, दुपारी, कढीपत्त्याच्या सावलीत आणि नव्या ब्लॉकच्या कडेला तीन अंशांचा फरक येत होता. ही नोंद क्षुल्लक वाटेल, पण या सरड्याच्या बाबतीत ती तशी नाही. त्याच्यात नर-मादी वेगळे ओळखू येतील अशी लिंगगुणसूत्रे दिसत नाहीत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासानुसार अंडी उबण्याच्या तापमानावर पिलाचे लिंग ठरत असावे, आणि तेही सरळ रेषेत नव्हे: कमी तापमानाला माद्या, थोडे वाढले की नर, आणखी वाढले की पुन्हा माद्या, त्याहून वर पुन्हा नर. संशोधकांनी हा नमुना ‘संभाव्य’ म्हणूनच मांडला. तो खरा असेल तर सिमेंटची एक कड एखाद्या घरट्यातल्या भावंडांचे प्रमाण बदलू शकते. शहरांतल्या परसांत असे काही मोजले जावे असे मला फार वाटते. त्यासाठी प्रयोगशाळेपेक्षा चिकाटी अधिक लागेल.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आईने मला सकाळी हाक मारली. वाफ्यात एक भोक पडले होते, आणि जास्वंदीच्या खालच्या पानावर करंगळीच्या पेराएवढे अंग व त्याच्या दुप्पट शेपूट असलेले पिलू बसले होते. दुपारपर्यंत आम्ही पाच मोजली. संध्याकाळी भारद्वाज आला तेव्हा चार दिसत होती. रात्री टॉर्च घेऊन गेले, तर जास्वंदीच्या काड्यांच्या अगदी टोकांशी तीन पिले झोपलेली दिसली, दिवसाच्या रंगाहून फिकट. बारीक काडीवर कोणी चढू लागले तर ती आधी हलते आणि झोपलेल्याला जाग येते. पहिल्याच रात्री हे त्यांना कोणी सांगितले?

चौथे शोधायला आई चार फुटांच्या वाटेवरून काठी टेकत आली आणि तिने ते माझ्याआधी शोधले, तिच्या वाळत घातलेल्या लुगड्याच्या दोरीवर.