बोल्ट जड जातोय

उद्यमबागेत टूलरूमला चौतीस वर्षं काढली. तोवर बोल्ट म्हणजे नटाबरोबर येतो तो, एवढीच माझी समजूत. रायफलीचा बोल्ट ही वेगळीच वस्तू आहे हे भाचीमुळे कळलं. जुन्या वाड्यांच्या दारांना आडवी कडी असायची, साधारण तसा प्रकार. पोलादी दांडा आणि त्याला मूठ. मूठ वर उचलून मागे ओढली की रिकामी पुंगळी बाहेर पडते. नवीन काडतूस ठेवून पुढे ढकलायचं, मूठ खाली दाबायची, की कडी लागली.

भाची पुण्यात शिकते. आधी एअर रायफल चालवायची. १ ऑगस्ट २०२४ ला आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं आणि हिला पॉइंट टू टू हवीच झाली. या प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून प्रत्येकी २० गोळ्या मारायच्या. दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, तेही ५० मीटरवर. रीतसर परवाना काढून एक जुनी जर्मन रायफल घेतली. ताईने त्यासाठी पाटल्या मोडल्या. हे लिहिलेलं तिला आवडणार नाही, पण लिहितो.

रायफलीचा लाकडी दस्ता, म्हणजे स्टॉक, कुणा उंच माणसाच्या मापाचा होता. म्हणून दुसऱ्या कंपनीचा ॲल्युमिनियमचा, गाल आणि खांद्याला हवा तसा सरकवता येणारा स्टॉक बसवला. त्याच दिवशी दुकानदाराने ट्रिगरही नवीन घातला. दुसऱ्या दिवसापासून बोल्ट जड.

आता साठ गोळ्या म्हणजे साठ वेळा बोल्ट, शिवाय सुरुवातीच्या अंदाजाच्या गोळ्या वेगळ्याच. झोपून मारताना रायफल खांद्यावरून न काढता हे करायचं असतं. प्रत्येक वेळी हिसका द्यावा लागला की कोपर हलतं, पट्टा हलतो, श्वास पुन्हा जमवावा लागतो. गुण घसरले. दुकानदार म्हणाला, "नवीन आहे, रुळेल." रेंजवर शिकवणारे म्हणाले, मनगटात ताकद नाही, डंबेल्स मार. पोरीने महिनाभर डंबेल्स मारले, मनगटाला पट्ट्या बांधल्या. कुणी सांगितलं, बोल्टला पॉलिश पेस्ट लावून पन्नास वेळा मागेपुढे कर. शेवटी ताईचा फोन, "अरे, पोरगी धड जेवत नाही. पॉइंट टू टू सोडते म्हणते."

भाचीला फोनवर घेतलं. "मामा, माझ्याच हातात दम नाही बहुतेक."

"आधी मला सांग, नेमका कुठे जड जातो? उचलताना, ढकलताना की दाबताना?"

हा प्रश्न तिला तोवर कुणी विचारलाच नव्हता. उचलताना जड असेल तर स्प्रिंगकडे बघावं, कारण बऱ्याच रायफलींत मूठ उचलतानाच आतली स्प्रिंग ताणली जाते. काडतूस घातल्यावर फक्त दाबताना जड असेल तर चेंबर बघावं. पॉइंट टू टूच्या गोळीला मेण किंवा ग्रीस असतं, ते साठतं. शिवाय स्पर्धेच्या रायफलीत गोळी बॅरलच्या आट्यांना किंचित टेकते, तेवढा जडपणा असायचाच. तिचं उत्तर आलं, "ढकलताना आणि ओढताना. रिकामी असली तरी."

रिकामी असूनही जड, म्हणजे काडतूस आणि चेंबर सुटले. राहिले नवीन स्टॉक आणि नवीन ट्रिगर. पॉलिश पेस्टला हात लावू नकोस, असं बजावलं. एकदा घासलेलं पोलाद परत येत नाही, आणि बोल्ट जिथे अडकतो तिथे झीज केली तर काडतुसाच्या बुडामागची फट वाढते. ते धोक्याचं. आपल्याकडे बंदुकीची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. त्यामुळे नेमबाज स्वतः साफसफाईसाठी उघडतो तेवढंच उघडायचं, असं ठरवून रविवारी पुण्याला गेलो.

रेंजवर विचारून एक टेबल घेतलं. चेंबर रिकामं असल्याचं दोघांनी बघितलं. मग दोन स्क्रू काढून बॅरल आणि ॲक्शन स्टॉकमधून वेगळी केली. ट्रिगर ॲक्शनलाच लटकलेला. बोल्ट घातला, तर लोण्यासारखा सरकला. म्हणजे ट्रिगरही सुटला. भाची नुसती बघत राहिली.

परत स्टॉकमध्ये बसवलं. मागचा स्क्रू आवळला, बोल्ट मोकळा. पुढचा आवळत गेलो. शेवटच्या अर्ध्या फेऱ्याला बोल्ट धरला. बोल्ट काढून त्याच्या पोटाला काळा मार्कर फासला. टूलरूममध्ये आम्ही ब्लू लावून बघायचो, तीच युक्ती. पुन्हा घालून ओढला. काळ्यात एक सरळ चमकदार रेघ उमटली. पुढच्या स्क्रूचं टोक वर येऊन बोल्टला घासत होतं.

दोन्ही स्क्रू काढून टेबलावर उभे केले. नुसत्या नजरेला सारखेच. व्हर्नियर लावला तर तीन मिलिमीटरचा फरक. लांब मागचा, आखूड पुढचा. बसवताना अदलाबदल झाली होती. जाड लाकडात हा फरक खपूनही गेला असता, पण ॲल्युमिनियमची बैठक पातळ आहे.

अदलाबदल केली, स्टॉकच्या माहितीपत्रकात दिलेल्या टॉर्कला दोन्ही आवळले. ॲलन कीला पाइप लावून आवळणारे लोक मी पाहिले आहेत. बैठक सपाट नसेल तर त्याने ॲक्शन वाकते आणि बोल्ट पुन्हा धरतो. म्हणून बॅरलला डायल लावून एकेक स्क्रू सैल करून पाहिला. काटा जेमतेम थरथरला. बैठक ठीक होती.

भाचीने दोन बोटांनी बोल्ट मागेपुढे केला. पाच-सहा वेळा केला. मग हातातल्या पट्ट्या सोडून बॅगेत टाकल्या आणि म्हणाली, "मामा, एक महिना गेला हो माझा." रडली थोडी. मी व्हर्नियर पुसत बसलो. अशा वेळी काय बोलायचं ते मला जमत नाही.

उभं राहून मारताना तिचे गुण अजून कमीच पडतात. त्यात स्क्रूचा काही संबंध नाही, ते तिचं तिने करायचं. ताईच्या नेलपॉलिशचा एक ठिपका मात्र आता पुढच्या स्क्रूच्या डोक्यावर आहे. लाल तो पुढचा.