कुळाची विद्या

जन्मतःच अंगी एखादी अद्भुत शक्ती घेऊन आलेली मुले, ऐन सोळाव्या वर्षी त्यांना तिचा लागलेला सुगावा, आणि नेमका ज्याच्यावर जीव जडला त्याच्याच कुळाशी निघालेले हाडवैर! अशा कथांचे गेल्या काही वर्षांत अमाप पीक आले आहे. 1997 साली इंग्रजीत हॅरी पॉटर अवतरला, 2005 साली ‘ट्वायलाइट’ आली, आणि पुढे त्यांच्या पंक्तीला किती येऊन बसले याची गणती नाही. वडीलधारी मंडळी या पुस्तकांकडे पाहून नाक मुरडतात. आम्हांला ते जमत नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या जाड ग्रंथांनी शिणून गेल्यावर खांडेकरांची ‘ययाति’ उघडणाऱ्यांपैकी आम्ही एक. 1959 सालच्या त्या कादंबरीतली कच-देवयानी ही जोडी या साऱ्या नव्या जोड्यांची पूर्वज शोभावी.

भिवापुरात हा विषय आमच्यापुढे आला तो एका आईच्या गाऱ्हाण्यातून. भिवापूर हे मिरचीचे गाव. 2016 साली तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले. हंगामात सातऱ्यावर लाल राशींभोवती बाया ओळीने बसतात आणि दिवसभर देठ खुडतात. मजुरी वजनावर, हातांची आग मात्र घरी जाते आणि रात्री पाण्यात बुडवूनही शमत नाही. त्यांतलीच एक म्हणाली, “पाहा ना जी फादर, माही पोरगी रातभर जादूचे पुस्तकं वाचते. दहावीचं साल हाये तिचं.”

पोरगी शेजारीच उभी होती. तिने सफाई दिली नाही, उलट आम्हांलाच विचारले, “फादर, गोष्टीतल्या मुलींना आईकडून शक्ती मिळते. मला आईकडून काय मिळणार? हे देठ?”

आईने मान वर केली नाही. हात चालूच राहिले.

हा प्रश्न पोरकट नव्हे. जन्माने येणारी विद्या ही इतरांची अद्भुतकथा असेल. आपल्याकडे तिने शतकानुशतके गावगाडा चालविला. कुंभाराच्या मुलाने चाक फिरवावे, चांभाराच्या मुलाने कातडे कमवावे, आणि ज्याच्या वडिलांच्या हाती झाडू त्याच्या हाती झाडूच यावा. रक्तातून आलेल्या वारशाचे कौतुक अशांनी कोणत्या तोंडाने करावे? भिवापुराहून दीड-दोन तासांच्या वाटेवर, नागपुरात, 14 ऑक्टोबर 1956 रोजी लाखो माणसांनी डॉ. आंबेडकरांसमवेत धम्मदीक्षा घेतली, ती जन्माने लादलेले हेच ओझे उतरवून ठेवण्यासाठी.

‘तू सामान्य नाहीस’ असे कुणी सांगावे ही कोवळ्या वयाची भूक आहे आणि ती आम्हांला समजते. ‘कारण तुझे कूळ सामान्य नाही’ ही पुढची पुस्ती तेवढी आम्हांला खटकते. चांगल्या लेखकांना ती खटकत असावी. हॅरी पॉटरच्या वर्गातली सर्वांत हुशार हर्मायनी ही दंतवैद्य आईबापांची मुलगी. तिच्या घराण्यात जादूचा लवलेश नाही. शुद्ध रक्ताची टिमकी वाजवतात ते कथेतले दुर्जन.

आम्ही मुलीला कचाची गोष्ट सांगितली. शुक्राचार्यांची संजीवनी विद्या त्यांच्या मुलीला वारशाने मिळाली नाही. ती मिळाली शत्रुपक्षाच्या बृहस्पतीच्या मुलाला. असुरांनी त्याला तीनदा मारले, आणि तिसऱ्या वेळी जाळून त्याची राख मद्यातून गुरूलाच पाजली. (खाडिलकरांनी 1913 च्या ‘विद्याहरण’ नाटकात या मद्यावरच रोख ठेवला.) गुरूच्या पोटात राहूनच कच विद्या शिकला, पोट फाडून बाहेर आला आणि मेलेल्या गुरूला त्याने उठविले. पण त्याच पोटातून जन्मला म्हणून तो देवयानीचा भाऊ ठरला. ज्या विद्येसाठी तो आला होता तिनेच प्रेमाची वाट बंद केली! विद्या तुला फळणार नाही, असा देवयानीने शाप दिला. मला न फळो, मी ज्याला शिकवीन त्याला फळेल, असे म्हणून तो निघाला.

“मग देवयानीला काय मिळालं?” मुलीने विचारले.

आम्ही ययातीकडे वळणार, तोच आई खालच्या मानेने बोलली, “तिनं बापाजवळ हट्ट धरला म्हणूनच तं तो पोरगा तीनदा जिता झाला. शिकली नसन ते, पण जीव तं तिनंच वाचवला ना जी.”

इतक्या वर्षांच्या वाचनात आम्हांला हे सुचले नव्हते. मुलगी क्षणभर आईकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “फादर, पुढच्या वेळी ते पुस्तक आणाल?”

“परीक्षा झाल्यावर,” आईने परस्पर निकाल दिला.

‘ययाति’ दहावीतल्या मुलीच्या हाती द्यावी की न द्यावी, याचा विचार आम्ही परतीच्या वाटेवर पार उमरेड येईपर्यंत करीत होतो.