पावगडचे ऊन

बेळगावहून निघून चित्रदुर्गला महामार्ग सोडला आणि चळ्ळकेरेवरून पूर्वेला वळले, की हिरवा रंग मागे पडतो. लाल माती, काळे धोंडे, मधूनच एखादी बाभळ. पावगड तालुका तुमकूर जिल्ह्यातला, पण जवळजवळ चारी बाजूंनी आंध्रने वेढलेला. घरात तेलुगू, कचेरीत कन्नड. सीमाभागातल्या माणसाला इथे परके वाटत नाही.

पूर्वी लोक इथे शनिमहात्म्याच्या देवळासाठी येत. आजही येतात, पण आता काहीजण तिरुमणीकडचा सौर प्रकल्प पाहायलाही जातात. पाच गावांची सुमारे १३ हजार एकर जमीन, २०५० मेगावॉट वीज. उद्घाटन २०१८ मध्ये झाले, काम २०१९ अखेर पुरे झाले. लांबून निळसर तळे पसरल्यासारखे दिसते. जवळ गेल्यावर कळते, सगळ्या काचाच.

जमीन विकत घेतली नाही, भाड्याने घेतली. सुरुवातीला एकरी वर्षाला २१ हजार रुपये आणि दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ. एका शेतकऱ्याने चहा पाजत हिशेब सांगितला. ‘‘पाऊस गेला की कडलेकायी जायची.’’ कडलेकायी म्हणजे आपल्या शेंगा. ‘‘बोअर मारून मारून कर्ज झालं. आता पाऊस येवो न येवो, भाडं येतं. ज्या बिसिलुनं जाळलं, तेच पोसतंय.’’

पलीकडच्या गल्लीत एक बाई दारात बसल्या होत्या. जमीन नाही. भांगलण आणि शेंगा तोडणे यावर घर चालायचे.

‘‘अण्णा, जमीनवाल्यांना भाडं मिळालं, आमची मजुरी गेली.’’

प्रकल्पात गवत कापणे, काचा धुणे, राखण अशी कामे आहेत, पण सगळ्यांना पुरत नाहीत. मेंढ्यांनाही कुंपण आडवे येते.

‘‘मग प्रकल्प नको होता का?’’ मी विचारले.

‘‘नको कशाला? वीज चांगलीच. आम्हाला कुणी विचारलं नाही, एवढंच.’’

शहरात आपण विचारतो, लोक सौर विजेच्या बाजूचे की विरोधातले? पावगडात उत्तर उताऱ्यावर नाव आहे की नाही, यावर ठरते. सौंदत्तीकडच्या पवनचक्क्या आपण पाहतोच. उद्या आपल्या शिवारातही कुणी करार घेऊन येईल. कोळशाचा धूर कमी व्हायलाच हवा. पण सही करण्याआधीच्या बैठकीत भांगलणीला येणाऱ्या बाईलाही बसायला जागा द्यावी.