घाटकोपरहून आलेला काळा पाहुणा

आमच्या मुलुंडहून धीम्या लोकलने घाटकोपर म्हणजे पाचवं स्टेशन. एरवी मी तिथे उतरते ती अस्तर, ब्लाउजपीस घ्यायला. पण गेल्या पावसाळ्यात धाकट्याने हट्टच धरला, म्हणून शोभेच्या माशांच्या दुकानात शिरले. भिंतभर काचेच्या पेट्या, आणि एकीत सुरीच्या पात्यासारखा चपटा, काळाकुट्ट मासा. शेपटीवर दोन पांढरी कडी. नाइफफिशची ही जात, ‘ब्लॅक घोस्ट’. करंगळीएवढा होता. “एवढाच राहतो, ताई,” दुकानदार म्हणाला. मी विश्वास ठेवला!

दुसऱ्या दिवशी सकाळी डबे भरताना पाहिलं, तर स्वारी प्लॅस्टिकच्या नळीत आडवी. मेला म्हणून हात घालते, तोच सुळ्ळकन बाहेर! हा झोपतोच तसा. दिवे मालवले की त्याचा दिवस सुरू. पाठीवर पर नाहीच. पोटाखाली एकच लांब झालर. ती लाटेसारखी हलवत तो पुढे जातो, तितक्याच सफाईने मागेही.

मूळचा हा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. नजर अधू. पण शेपटीतून अगदी सौम्य वीज सतत सोडतो आणि भोवतालच्या विजेत कुठे फरक पडला ते कातडीने ओळखतो. लाइट गेल्यावर आपण काड्यापेटी चाचपडतो ना, तसंच. फक्त न शिवता. (शॉक बसत नाही, मी हात घालून पाहिलाय.) दोन मासे जवळ आले आणि त्यांच्या लहरी एकमेकींत घुसू लागल्या, तर सूर थोडा बदलला जातो. आमच्या चाळीत नळावर हे कधी जमलं नाही!

आपल्या भीमेतला चालट मासाही असाच पात्यासारखा, पण नातं दूरचं. त्याच्याकडे वीज नाही. तो पाण्यावर येऊन हवा घेतो.

आमचा पाहुणा मात्र वर्षात वीतभर झाला. पेटीतले गप्पी रात्रीतून एकेक नाहीसे. पुस्तकात पाहिलं, तर पूर्ण वाढ दीड फूट! “पवईच्या तलावात सोडून दे,” हे म्हणाले. परक्या मुलखातला मासाखाऊ प्राणी, तिथे तगला तर तिथल्या माशांनी काय करावं? आणि न तगला, तर आणला कशाला? दोन महिन्यांच्या पगारातून चार फुटी पेटी आली. पैठणी राहिली.

आता रात्री ओटा पुसून दिवा मालवते, तेव्हा नळीतून आधी ती दोन पांढरी कडी बाहेर येतात. उलट्या चालीने.