गंजाचे पैसे वेगळे!

टप नसलेल्या गाडीचं वेड आपल्या पिढीला कुणी लावलं, हे सांगायला नकोच. २००१ साली ‘दिल चाहता है’ आला, तीन दोस्त उघड्या मर्सिडीजमधून गोव्याला निघाले आणि थिएटरमधल्या निम्म्या पोरांनी मनातल्या मनात चौथी सीट बुक करून टाकली. मी तेव्हा सहावीत होतो. ती सीट माझीच आहे, याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती.

पुढे रीतसर नोकरी लागली, ऐरोलीत क्युबिकल मिळालं, डोंबिवलीत वन बीएचके झाला. मर्सिडीज तेवढी राहिली. तशी आपल्याकडे कन्व्हर्टिबल म्हणजे गंमतच! चार महिने पाऊस, चार महिने ऊन, उरलेले चार महिने धूळ. पण वेड ते वेड. आणि नवी परवडत नसेल तर त्यावरही एक फंडा आहे. जुनी, बंद पडलेली गाडी घ्यायची आणि शनिवार-रविवार खपून ती उभी करायची. ‘प्रोजेक्ट कार’ म्हणतात तिला. नाव एवढं भारी, की पाहणाऱ्याला ते भंगार वाटत नाही.

भारतात या खेळासाठी एक झकास गाडी होती, स्टँडर्ड हेराल्ड. मूळची इंग्लंडची ट्रायम्फ, इथे मद्रासला बनायची. हिची चासी वेगळी आणि टप चक्क बोल्टांनी बसवलेला. बोल्ट काढले की टप बाजूला! पण हेराल्डचं उत्पादन सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच थांबलं. आता एखादी सापडली, तर तिचा मालकच आपली मुलाखत घेतो.

मग उरते ती आपली जीप. तिला कन्व्हर्टिबल म्हटलं की लोक हसतात, पण बघा ना. टप कॅनव्हासचा, दारं नावापुरती, आणि पुढची काचसुद्धा बॉनेटवर आडवी पडते. मर्सिडीजची पडते का? शिवाय ही मुंबईची लेक. महिंद्रने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपची जुळणी माझगावात सुरू केली. पुढे आली सीजे-थ्री-बी. तिचं पेट्रोल इंजिन उंच, म्हणून बॉनेटही उंच. जुन्या सिनेमातल्या पोलीस इन्स्पेक्टरपासून पाटबंधारे खात्याच्या साहेबापर्यंत सगळे हिच्यातूनच उतरायचे.

आमच्या ऑफिसातल्या एका सीनियरने २००९ साली अशी एक बंद जीप ४८ हजारांना उचलली होती. तो आकडा माझ्या डोक्यात इतका फिट्ट बसला, की मी वाढवून-चढवून बजेट ठरवलं ८० हजार. मग बाजार बघायला सुरुवात केली आणि ‘अरे देवा’ झालं. चाकं नसलेली जीप, दीड लाख. झाड उगवलेली जीप, पावणेदोन. एकाने तर नुसत्या कागदपत्रांचा भाव सांगितला, जीप त्याच्याकडे नव्हतीच!

हे सगळं झालं कसं? थोडं खणल्यावर कळलं, की यात सरकारचाही हात आहे आणि कंपनीचाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत आपल्या मर्जीने फेरफार करता येणार नाहीत. म्हणजे जीपचं काहीतरी भलतंच करून फिरवण्याचे दिवस भरले, आणि ‘जशी होती तशी’ जीप एकदम भाव खाऊ लागली. २ ऑक्टोबर २०२० रोजी नवी थार बाजारात आली, किंमत ९ लाख ८० हजारांपासून. त्याआधी तिची पहिली गाडी मदतनिधीसाठी लिलावात १ कोटी ११ लाखांना गेली होती. नातवाचं एवढं कौतुक झाल्यावर लोकांना आजोबाही आठवले. मग जुलै २०२१मध्ये केंद्राचे व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठी छेडछाड झालेली नको. नव्या नोंदणीला २० हजार, दहा वर्षं निश्चिंत. आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर कायम. अट एवढीच की तिने रोज ऑफिसला जायचं नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती, बस्स.

साधी नोंदणी चालू ठेवायची तर उलटा प्रकार. १५ वर्षांवरच्या कारची फेरनोंदणी एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५ हजारांवर गेली, आणि ऑगस्ट २०२५मध्ये २० वर्षांवरच्या गाडीला १० हजार झाली. थोडक्यात काय, गाडी नुसतीच जुनी असेल तर ओझं, आणि जुनी असून कुणी हात लावलेला नसेल तर दागिना.

अशात एका मित्राने खर्डीचा पत्ता दिला. “गावातली जीप आहे. भाव माहीत नसेल त्यांना. पटकन जा.”

पटकन म्हणजे रविवारी, कसारा लोकलने. आसनगाव गेलं की लोकल रिकामी होते, डाव्या हाताला माहुलीचे सुळके दिसतात आणि आपण मुंबईच्या लोकलमध्ये आहोत हेच विसरायला होतं. सोबत बायको होती. ती अकाउंट्समध्ये आहे. माझ्या प्रत्येक वेडासाठी तिच्याकडे एक एक्सेल शीट तयार असते. यावेळची जरा गंभीर होती, कारण चार वर्षं साठवलेले तीन लाख छोट्या फॅमिली कारच्या डाउन पेमेंटचे होते. जीप म्हणजे ती कार लांबणीवर.

स्टेशनपासून रिक्षाने आग्रा रोड ओलांडून आत गेलो. गोठ्याला लागून पत्र्याची पडवी, तिच्यात निळी ताडपत्री आणि ताडपत्रीवर दोन कोंबड्या. कोंबड्या हाकलल्या, ताडपत्री ओढली. बॉस, काय सांगू! १९७२ची सीजे-थ्री-बी. तीन अक्षरांची जुनी नंबरप्लेट, मूळ हिरवा रंग जागोजागी उडालेला, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा कुजून खालची जमीन दिसत होती. आणि बॉनेटखाली मूळचं पेट्रोल इंजिन!

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, पेट्रोल महागलं तसं कित्येकांनी या जीपमधलं मूळ इंजिन काढून डिझेल बसवलं. सवारी वाहायची तर दुसरा मार्गच नव्हता. त्यामुळे मूळ इंजिन जागेवर असणं म्हणजे लॉटरी.

“आबा, तुम्ही डिझेल नाही बसवलं?” मी विचारलं.

आबा म्हणजे घरातले म्हातारे मालक. खाटेवर बसले होते. भातसा धरणाचं काम चालू असताना एका कंत्राटदाराकडे ही जीप होती, त्याने ती आबांना विकली. तिने उन्हाळ्यात पाण्याची पिंपं वाहिली, कारण धरणं उशाशी असली तरी पाणी मुंबईला जातं. बाळंतिणी शहापूरला पोचवल्या. लग्नाची वऱ्हाडं नेली.

“पैसे नव्हते डिझेलला,” आबा म्हणाले. “राहिली तशीच मग.”

मला ते वाक्य एकदम लागलं. आपण ज्याला ‘ओरिजिनल’ म्हणतो आणि ज्याच्यासाठी वर मोजतो, ते इथे पैसे नव्हते म्हणून उरलं होतं.

आणि हे काही खर्डीपुरतं नाही. फेब्रुवारी २०१५मध्ये पॅरिसला एक लिलाव झाला. फ्रान्समधल्या एका शेतावर, पडक्या शेडमध्ये साठ-एक जुन्या गाड्या वर्षानुवर्षं कुजत पडल्या होत्या. त्यातली १९६१ची उघडी फेरारी, २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर, जुन्या मासिकांच्या ढिगाखाली सापडली. धूळसुद्धा न झटकता विकली आणि गेली कितीला? सुमारे १ कोटी ६३ लाख युरो! ती तशी का पडून होती माहितेय? त्या गृहस्थांना गाड्यांचं म्युझियम काढायचं होतं, पण सत्तरच्या दशकात मालवाहतुकीचा धंदा बुडाला. पैसे संपले, गाड्या जिथल्या तिथे राहिल्या. कुठे फेरारी, कुठे आबांची जीप. पण गोष्ट तीच. हात न लागलेली जुनी गाडी दिसली, की बऱ्याचदा समजायचं, इथे कुणाचे तरी पैसे कधीतरी संपले होते.

आता भाव. ती बोलणी आबांकडे नव्हती, सुनेकडे होती. वहिनी चहा घेऊन आल्या, सोबत तांदळाचा डबा. डब्यात आरसी बुक, टॅक्सच्या पावत्या, २०१९पर्यंत नूतनीकरण केल्याची नोंद, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत. मग खताची एक गोणी आली. तिच्यात कार्ब्युरेटर, डायनॅमो, दोन आरसे, काढून ठेवलेलं सगळं. एक नटसुद्धा हरवलेला नव्हता.

“सव्वादोन लाख,” वहिनी म्हणाल्या.

मित्राचं ‘भाव माहीत नसेल’ मला आठवलं आणि हसूच आलं. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, मोबाइलवरचं इंटरनेट स्वस्त झालं, त्याला किती वर्षं झाली! वहिनींच्या मोबाइलमध्ये नाशिक, पुणे, सातारा इथल्या जीपचे फोटो भावासकट सेव्ह केलेले होते. माझ्याहून जास्त. आमच्या सीनियरला २००९ साली जी स्वस्ताई मिळाली, तिच्यात विकणाऱ्याला भाव ठाऊक नसण्याचा मोठा वाटा होता. ते दिवस संपले. आणि खरं सांगू? बरंच झालं.

तरी मध्यमवर्गीय जीभ ती, वळवळलीच. “वहिनी, खालचा पत्रा पार गंजलाय हो. थोडं कमी करा.”

“रंगवून ठेवली असती तर घेतली असती का तुम्ही?”

मी गप्प.

“मागच्या महिन्यात दोघं आले होते. ते बोलले, रंग लावू नका, हात लावू नका, जशी आहे तशीच पाहिजे. आता जशी आहे तशीचेच पैसे सांगते मी. भंगारवाला तीस हजार देत होता, तेव्हा नाही दिली. दर पावसाळ्याला ताडपत्री घेतली. आणि आता गंज लागलाय म्हणून कमी करा बोलताय? गंज तर तुम्हाला पाहिजेच आहे ना दादा?”

बायको खो-खो हसली. पार्टी बदलली होती तिने, तिथल्या तिथे.

चहा संपेपर्यंत बाकीचं कळलं. मुलगी बारावी झालीय, नर्सिंगला जायचंय. सव्वादोनमधून पहिल्या वर्षाची फी, हॉस्टेल, आणि उरले तर बोअरवेल. वहिनींनी हे गळा काढून नाही सांगितलं. भाव का सांगितला याचा हिशेब असतो तसं सांगितलं. पडवीतून हायवे दिसत होता. नाशिकच्या कारखान्यात थार बनते. एक ट्रेलर नव्याकोऱ्या थार घेऊन मुंबईच्या दिशेने गेला, आणि आबांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

परतीच्या लोकलमध्ये एक्सेल उघडलं. इंजिन ९० हजार, ब्रेक २५, वायरिंग १५, टायर ३०, पत्राकाम आणि रंग ८०, हूड आणि सीट ३०, कागदपत्रं २५. झाले २ लाख ९५ हजार. जीपसकट ५ लाख २० हजार. एवढं करून गाडी फक्त रॅलीला न्यायची!

“तोट्याचा सौदा आहे,” मी प्रामाणिकपणे म्हणालो.

“आहेच,” बायको म्हणाली. “पण घ्यायची असेल तर तिच्या भावात घे. खोदकाम करू नको. इतकी वर्षं जपली त्यांनी. आपण एक रविवार आलो.”

आम्ही तीन दिवस विचार केला. तिला रोज ठाण्याला जाताना लोकलच्या दारात लटकावं लागतं, हे काही एक्सेलमध्ये नव्हतं, पण मला दिसत होतं. कार आली असती तरी ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये ती तिला नेणार नव्हती, असं तिनेच सांगितलं. बुधवारी मी फोन केला. सव्वादोन. कमी नाही, जास्त नाही. वहिनींनी फोनवर एकच सवलत दिली. आमच्या बिल्डिंगमध्ये पार्किंग नाही, हे कळल्यावर म्हणाल्या, “राहू दे इथेच पडवीत. भाडं नको. ताडपत्री मात्र आता तुम्ही आणायची.”

तर सध्या आमची कन्व्हर्टिबल खर्डीत असते आणि आम्ही महिन्यातून दोन रविवार तिच्याकडे जातो. उरलेले ७५ हजार ब्रेक आणि वायरिंगला लागतील, इंजिनासाठी बोनसची वाट बघतोय. मूळ हिरव्या रंगाला हात लावायचा नाही, असं ठरलंय. फक्त पायाखालचा पत्रा बदलणार, कारण ओरिजिनल असलं तरी भोकातून पाय खाली जातो. कार्ब्युरेटर आबांनी खाटेवर बसून स्वतः उघडला. त्यातले जेट कसे साफ करायचे, हे मला तीनदा दाखवलं आणि चौथ्यांदा माझ्या हातातून काढून घेतला.

मुलीची अ‍ॅडमिशन झाली. पुढच्या रविवारी ताडपत्री न्यायची आहे. निळीच आणा, असा वहिनींचा मेसेज आलाय, सोबत भावाचा फोटो.